मे महिन्यात पिको, जुलैत नॅनो: पेप्टाइडच्या नळ्यांतून नक्की वाहते काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही दिसेल.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही डायफिनाइलॲलनिनच्या नॅनोनळ्या केल्या. फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून होणारे हे एवढेसे पेप्टाइड, पाण्यात पडले की आपोआप जुळून नळ्या बनवते. काचेवरच्या, कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत तशा सोन्याच्या इलेक्ट्रोडवर तुम्ही या नळ्यांचा थेंब वाळवला आणि उणे पाच ते अधिक पाच व्होल्टपर्यंत विद्युतदाब फिरवला. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला प्रवाह आला काही पिकोअँपिअर. जुलैत तोच नमुना मुंबईत नेऊन मोजला, तर काही नॅनोअँपिअर, म्हणजे हजारपट. तुमच्या सरांचे मत असे की मुंबईचे यंत्र जास्त चांगले, तेव्हा जुलैचाच आकडा लिहा आणि पदार्थ अर्धवाहक आहे असे म्हणा. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

तुमची शंका रास्त आहे. माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त त्यातला एकही अजून पेप्टाइडचा गुणधर्म म्हणून लिहिण्याजोगा नाही. कोणता आकडा बरोबर, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी ठरवायला हवे ते हे, की भार वाहून नेतोय कोण? इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, नमुन्यात राहिलेले क्षारांचे आयन, की काचेवर बसलेली पाण्याची साय? यंत्राला यातला फरक कळत नाही. ते फक्त अँपिअर दाखवते.

पदार्थाबद्दल थोडे बोलतो, कारण उत्तराचा निम्मा भाग त्याच्या रचनेतच आहे. २००३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या मायटल रेशेस आणि एहुद गाझित यांनी या नळ्या पहिल्यांदा दाखवल्या. अल्झायमर रोगात मेंदूत साठणाऱ्या बीटा-अमायलॉइडमध्ये फिनाइलॲलनिनची जी जोडी येते, तेवढीच घेऊन काय होते ते त्यांनी पाहिले. त्याच शोधनिबंधात त्यांनी नळ्यांच्या आत चांदी जमवली, मग विकराने पेप्टाइडचे आवरण पचवून टाकले आणि आतली चांदीची तार मोकळी केली. हे लक्षात ठेवा: पहिल्याच कामात विजेची तार होती ती चांदीची. पेप्टाइड हा तिचा साचा होता. पुढे 'पेप्टाइडची नॅनोतार' हा शब्द रूढ झाला आणि वाचणाऱ्यांच्या मनात साचा आणि तार यांची सरमिसळ झाली.

आता आतली रचना. नॉर्वेतले स्फटिकशास्त्रज्ञ कार्ल हेन्रिक गोर्बिट्झ यांनी डायफिनाइलॲलनिनच्या स्फटिकाची रचना २००१ मध्ये दिली होती. सहा रेणू एका वळशात गोल बसतात आणि मळसूत्रासारखे वर चढत जातात. मधोमध जवळपास एक नॅनोमीटर रुंदीची वाहिनी राहते. तुम्हाला सूक्ष्मदर्शीत दिसणारी नळी शेकडो नॅनोमीटर जाड असते आणि तिच्या भिंतीत अशा असंख्य वाहिन्या शेजारीशेजारी, मधमाशांच्या पोळ्यासारख्या उभ्या असतात. रेणूचे पाण्याशी सख्य असलेले भाग, म्हणजे एका टोकाचा धनभारित अमोनियम गट, दुसऱ्या टोकाचा ऋणभारित कार्बॉक्सिलेट आणि मधला पेप्टाइड बंध, हे सगळे वाहिनीकडे तोंड करून बसतात. तेलकट फिनाइल कडी बाहेरच्या बाजूला एकमेकांत गुंतून वीण पक्की करतात. म्हणजे पोळ्याच्या प्रत्येक घरात भारित गटांचे अस्तर आहे आणि आत पाणी शिरते. कोरड्या हवेत ते पाणी निघून जाते, दमट हवेत परत भरते. तुमचा मे आणि जुलै या एका वाक्यात आला.

पाणी भरलेल्या अशा वाहिनीतून प्रोटॉन चांगला सरकतो. ही कल्पना जुनी आहे, थिओडोर ग्रोटुस यांनी १८०६ मध्ये मांडलेली. स्लॅब टाकताना खालपासून वरपर्यंत माणसे रांगेत उभी राहतात आणि घमेली हातोहात वर जातात. माणूस जागेवरून हलत नाही, घमेले मात्र वर पोचते. पाण्याचे रेणू प्रोटॉन असाच पुढे देतात. पण रांगेतली चार माणसे कमी झाली की काम थांबते. म्हणूनच आर्द्रता थोडी उतरली तरी प्रवाह थोडा उतरत नाही, कोसळतो. प्रथिनांच्या बाबतीत हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे: ओलावा वाढत जातो तशी वाहकता जवळजवळ घातांकी पद्धतीने वाढते.

इलेक्ट्रॉन का नाही, हेही पाहू. फिनाइलॲलनिनचे शोषण २५७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ४.८ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा व्हायला लागणारी ऊर्जा, उदार मनाने ४ धरले, तरी खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच असते. उष्णतेने सुटा होणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण काढताना जी घातांकी संज्ञा येते, ती इथे १० चा उणे ३४ वा घात निघते. सिलिकॉनचे अंतर १.१, तिथे तीच संज्ञा उणे ९ वा घात. तुमच्या अख्ख्या नमुन्यात स्वतःहून सुटलेला एकही इलेक्ट्रॉन सापडणार नाही. आता कोणी म्हणेल की इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन आत ढकलता येतात, फिनाइल कडी एकावर एक रचलेली आहेत, त्यांवरून ते उड्या मारतील. हा युक्तिवाद तुमच्या संदर्भयादीतल्या बऱ्याच निबंधांत असेल. पण एकट्या बेंझिन कड्याचे ऑर्बिटल लहान असते आणि या स्फटिकात कडी पत्त्यांच्या कॅटासारखी सपाट एकावर एक बसलेली नाहीत. शेजारी आहेत म्हणून वाट आहे, असे होत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, त्याला कारण आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात पुण्यात मी अशाच नळ्या मोजत होतो. सहा आठवड्यांचे वाचन वहीत होते, आलेख सुरेख होते, निबंधाचा मसुदाही तयार होता. एका संध्याकाळी प्रोब नीट टेकला आहे की नाही ते पाहायला मी नमुन्यावर वाकलो आणि पडद्यावरचा प्रवाह वर गेला. मागे सरलो, उतरला. मग मुद्दाम हलकी फुंकर मारली. दोन पिकोअँपिअरचा आकडा दोन-तीन सेकंदांत साठ नॅनोअँपिअरवर गेला आणि मिनिटाभरात परत खाली आला. तरी मला वाटले, वा, आपल्या नळ्या आर्द्रता ओळखतात. मग शेजारचा, पेप्टाइडचा थेंबही न टाकलेला कोरा इलेक्ट्रोड घेतला आणि त्यावर फुंकर मारली. चाळीस नॅनोअँपिअर. त्या रात्री मसुदा बाजूला ठेवला. सहा आठवडे मी मुख्यतः काच मोजत होतो.

म्हणून तुमचे पहिले काम ठरले. त्याच खेपेतला कोरा इलेक्ट्रोड घ्या. नळ्या ज्या द्रावणात होत्या तेच द्रावण, पण पेप्टाइडशिवाय, त्यावर वाळवा. मग त्याच दिवशी, त्याच आर्द्रतेला, त्याच व्होल्टेजला मोजा. या नियंत्रण नमुन्याचा प्रवाह तुमच्या नमुन्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल, तर पुढचे काही करण्याआधी इलेक्ट्रोडची स्वच्छता आणि जोडण्या सुधारा. पिकोअँपिअर मोजताना साधी वायर आणि क्रोकोडाइल क्लिप चालत नाही. वायरच्या आवरणातूनही तेवढा प्रवाह झिरपतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. ट्रायअ‍ॅक्सिअल केबल (गळती रोखणारी, दुहेरी आवरणाची तार) आणि धातूची बंद पेटी वापरा.

दुसरी गोष्ट मीठ. पेप्टाइड बनवणारे बहुतेक जण शेवटी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल वापरतात आणि ते प्रतिआयन म्हणून पेप्टाइडला चिकटून राहते. तुमच्या बाटलीवरचे किंवा सोबतच्या कागदावरचे वर्णन वाचा. ते क्षार रूपात असेल तर तुमच्या वाळलेल्या थेंबात फिरते आयन आयतेच आहेत. ते काढायला कोणी नळ्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायला सांगेल. तसे करू नका. या नळ्या ताज्या पाण्यात विरघळतात. डायफिनाइलॲलनिनने संपृक्त झालेल्या, गाळलेल्या द्रावणाने धुवा. नळ्या शाबूत राहतील, क्षार जाईल.

नळ्या बनवतानाची एक सूचना, तुम्ही विचारली नसली तरी. हेक्झाफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलमधले मूळ द्रावण, म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे, दर वेळी ताजे करा आणि मग पाण्याने मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत पातळ करा. पाणी पडले की काही सेकंदांत दूध फाटल्यासारखे गढूळ होते, तेच अपेक्षित आहे. हे द्रावक उडून जाणारे आणि डोळ्यांना, श्वासाला घातक आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि चष्मा नसेल तर त्या दिवशी काम करू नका.

आता मुख्य प्रयोग. झाकण घट्ट बसणारा एक पारदर्शक डबा घ्या. झाकणाला भोके पाडून वायरी आत घ्या आणि भोके सिलिकोन सीलंटने बंद करा. आत एका वाटीत एखाद्या क्षाराचे (रसायनशास्त्राच्या भाषेतल्या मिठाचे) संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेले मीठ दिसलेच पाहिजे. २५ अंश सेल्सिअसला लिथियम क्लोराइडवरची हवा ११ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवरची ३३ टक्क्यांना, आपल्या साध्या मिठावरची ७५ टक्क्यांना, पोटॅशियम सल्फेटवरची ९७ टक्क्यांना. थोड्या खर्चात आर्द्रता-नियंत्रक तयार होतो. डब्यात एक छोटा आर्द्रतामापकही ठेवा. प्रत्येक पायरीला नमुना रात्रभर राहू द्या, घाईने मोजू नका. वर जाताना मोजा, परत खाली येतानाही मोजा. प्रवाहाचा लॉगॅरिदम आणि आर्द्रता यांचा आलेख काढा, नियंत्रण नमुन्याचाही त्याच कागदावर. तुमचा मे आणि जुलै त्या रेषेवर कुठेतरी बसलेले दिसतील. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि मुंबईत जुलैत ती ऐंशीच्या वर असते, हे तुम्ही रोज अंगावर अनुभवता. नमुनाही अनुभवतो.

नमुना अगदी कोरडा करायचा असेल तर खोलीच्या तापमानाला निर्वातात ठेवा. भट्टीत घालून घाई करू नका. १५० अंशांच्या आसपास या पेप्टाइडची दोन टोके एकमेकांना जोडली जातात, पाण्याचा रेणू निघून जातो आणि रेषीय रेणूचा चक्रीय रेणू होतो. नळ्या बाहेरून तशाच दिसतात, पण पदार्थ बदललेला असतो आणि तो बदल मागे फिरत नाही. मी असे नमुने 'वाळवलेले' म्हणून मोजलेले पाहिले आहेत.

पुढची परीक्षा वेळेची. व्होल्टेज फिरवत बसू नका. अर्धा व्होल्ट लावा आणि अर्धा तास तसाच ठेवून प्रवाह नोंदवा. सोने इलेक्ट्रॉन आतबाहेर करू देते, आयनाला मात्र ते भिंत आहे. भार वाहणारे आयन असतील तर ते इलेक्ट्रोडपाशी साचत जातील आणि प्रवाह उतरत जाईल. अर्धाच व्होल्ट का, तर १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन शक्य होते. मग प्रोटॉनाला इलेक्ट्रोडवर हायड्रोजन होण्याची वाट मिळते, प्रवाह टिकून राहतो, आणि बघणाऱ्याला वाटते की इलेक्ट्रॉनच वाहतोय. तुम्ही पाच व्होल्टपर्यंत गेलात. तुमच्या आलेखातला जाताना-येताना पडणारा तो फुगीर फेरा बहुधा यातूनच आला आहे.

तुमच्या विभागात इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट बदलत्या विद्युतदाबाला नमुना करतो तो विरोध, मोजणारे यंत्र असेल तर हेच चित्र त्याच्या आलेखात आणखी स्वच्छ दिसते. उच्च वारंवारतेला अर्धवर्तुळ आणि कमी वारंवारतेला तिरकी वर चढणारी रेघ आली, तर वाहक आयन आहेत आणि इलेक्ट्रोड त्यांना अडवतोय. रेघ न येता अर्धवर्तुळ अक्षावर येऊन टेकले, तर इलेक्ट्रॉनचा विचार करायला जागा आहे.

आणि शेवटची, मला सर्वांत आवडणारी परीक्षा: जड पाणी. नमुना निर्वातात वाळवा आणि मग साध्या पाण्याऐवजी जड पाण्याच्या वाफेत ठेवा. ड्यूटेरॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या दुप्पट, त्यामुळे तो सावकाश सरकतो. प्रवाह साधारण दीड पटीने उतरला तर वाहक हायड्रोजनचा आयन आहे. इलेक्ट्रॉनला शेजारी हायड्रोजन आहे की ड्यूटेरिअम याने एवढा फरक पडत नाही. एक काळजी घ्या: वाटीतले मीठही जड पाण्यातच विरघळवा, कारण जड पाण्याचा बाष्पदाब साध्या पाण्यापेक्षा थोडा कमी असतो, आणि मिसळ केली तर तुलना बिघडते. लागणारे जड पाणी काही मिलिलिटरच आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे, पण तुम्हाला ते रसायनशास्त्र विभागातच मिळेल. एनएमआर या रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्यांकडे असतेच.

हे सगळे कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. मी साधे, दुसरे काहीही न जोडलेले डायफिनाइलॲलनिन गृहीत धरले आहे. तुमच्या पेप्टाइडला थायोफिनची साखळी किंवा पेरिलिन डायइमाइडसारखा रंगद्रव्याचा गट जोडलेला असेल, तर माझे इलेक्ट्रॉनविषयीचे गणित लागू नाही. तिथे संयुग्मित (एकाआड एक दुहेरी बंधांचा) गट इलेक्ट्रॉन वाहतो आणि पेप्टाइड त्याला शिस्तीत उभे करते. त्या पदार्थांत खरी इलेक्ट्रॉनिक वाहकता मिळते. नळ्यांत धातू भरला असेल तरी गोष्ट वेगळी. आणि एखादी एकटी नळी, निर्वातात, चार टोकांच्या जोडणीने मोजून कोणी इलेक्ट्रॉनचा प्रवाह दाखवला तर मी तो मान्य करीन. इलेक्ट्रोडवर वाळलेल्या थेंबात किती नळ्या दोन्ही काठांना टेकल्या आहेत हेच माहीत नसते, तेव्हा त्यावरून वाहकतेचा आकडा काढायला मी तयार होणार नाही.

वाहक ओळखण्यात भल्याभल्यांची गफलत होऊ शकते याचे एक उदाहरण याच क्षेत्राच्या शेजारी आहे. जिओबॅक्टर नावाचा जिवाणू पेशीबाहेर इलेक्ट्रॉन पाठवतो. २००५ मध्ये त्याचे प्रथिनांचे केस, म्हणजे पिली, हेच विजेच्या तारा आहेत असे मांडले गेले, आणि त्यांतल्या सुगंधी, म्हणजे फिनाइलसारख्या, कड्यांवरून इलेक्ट्रॉन जातो असे स्पष्टीकरण पुढे आले. पेप्टाइडवाल्यांनी ते आनंदाने उचलले. २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली ते तंतू बारकाईने पाहिले, तेव्हा ते सायटोक्रोम या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनाच्या रेणूंची माळ निघाले. प्रत्येक घटकात सहा हीम, म्हणजे मधोमध लोहाचा अणू असलेले गट, सलग रांगेत. पिलीही वाहक आहेत असे म्हणणारे आजही आहेत आणि वाद मिटलेला नाही. पण चौदा वर्षे ज्या तंतूकडे सगळे पाहत होते त्याची रचना कळल्यावर वाहकाची चर्चाच बदलली.

तुमचा पदार्थ अर्धवाहक नाही म्हणून तो कमी मोलाचा, असे मात्र मनात आणू नका. हे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण 'अर्धवाहक' हा शब्द नसला तर निबंध छापला जाणार नाही या भीतीने चांगली मोजमापे चुकीच्या नावाखाली जातात. प्रोटॉन वाहणारा मऊ, जैविक पदार्थ ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. माखल्यांच्या त्वचेतल्या रिफ्लेक्टिन प्रथिनाची प्रोटॉन-वाहकता २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने दाखवली, ती पॅलेडियम हायड्राइडच्या इलेक्ट्रोडने, जो प्रोटॉनाला आरपार जाऊ देतो. ते काम गाजले ते वाहक प्रोटॉन आहे हे नीट सिद्ध केले म्हणूनच. तुमच्याच नळ्यांची दाबविद्युतही आहे. सहाच्या मळसूत्री रचनेला सममितीचे केंद्र नाही, त्यामुळे दाबले की भार निर्माण होतो. २०१० मध्ये खोल्किन आणि सहकाऱ्यांनी या नळ्यांचा कर्तन-गुणांक, म्हणजे व्होल्ट लावला की नळी आडवी किती सरकते त्याचे माप, व्होल्टला ६० पिकोमीटरच्या आसपास मोजला, जैविक पदार्थासाठी हा मोठा आकडा आहे. तिथे इलेक्ट्रॉन वाहायची गरजच नाही, उलट पदार्थ चांगला विसंवाहक असला तरच भार टिकतो. म्हणजे तुमचा मे महिन्यातला पिकोअँपिअर हा त्या उपयोगासाठी गुण आहे.

प्रबंधात काय लिहायचे, हा तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही आकडे लिहा, प्रत्येकापुढे त्या दिवशीची आर्द्रता आणि तापमान लिहा. नोंद नसेल तर 'नोंद नाही' असेच लिहा आणि डब्यातले नियंत्रित मोजमाप त्याखाली द्या. 'अर्धवाहक' ऐवजी 'आर्द्रतेवर अवलंबून असणारी वाहकता' म्हणा, आणि जड पाण्याचा प्रयोग जमला तरच 'प्रोटॉन-वाहक' म्हणा. सरांशी बोलताना मुंबईच्या यंत्राचा विषय काढू नका, त्यावरून वाद वाढेल. नमुना आणि कोरा इलेक्ट्रोड त्यांच्या टेबलावर शेजारीशेजारी लावा आणि त्यांनाच दोन्हींवर फुंकर मारायला सांगा.